अव्वल खेळाडूंचा फिजिओ व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्हीवर फिजिओ दिसतो तो स्प्रे घेऊन मैदानात धावताना. ते काम दिवसाकाठी पाच-दहा मिनिटांचं, आणि पुष्कळदा तेवढंही नाही. बाकीचा वेळ मोजण्यात, लिहिण्यात, सरावाचा भार वर-खाली करण्यात आणि "अजून नाही" हे ज्याला ऐकायचं नाही त्याला सांगण्यात जातो. बारावीनंतर हा मार्ग धरू पाहणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि क्लिनिक सोडून खेळाकडे वळणारे फिजिओ जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

शिक्षण कुठलं लागतं?

बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह, मग 'नीट' ही प्रवेश परीक्षा आणि राज्याच्या सीईटी कक्षामार्फत फिजिओथेरपीच्या पदवीला प्रवेश. महाराष्ट्रातली बहुतेक महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथे पदवीचं नाव बीपीटीएच, इतरत्र बीपीटी. आजवर हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा होता, त्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप. सहायक आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाने 2025 मध्ये आणलेल्या नव्या आराखड्यात इंटर्नशिप वर्षाची धरली आहे, म्हणजे एकूण पाच वर्षं. आपल्या तुकडीला कोणता नियम लागू आहे ते प्रवेशपुस्तिकेतच बघा, सिनियरला विचारून ठरवू नका.

मुंबईत केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांशी जोडलेल्या फिजिओथेरपी शाळांमध्ये फी कमी आणि रुग्णांची वर्दळ मोठी. शिकायला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. पदवी हातात आली की राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी करायची. संघाशी करार करताना नोंदणी क्रमांक पहिल्यांदा मागतात.

स्पोर्ट्समध्ये एमपीटी (फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी) केलंच पाहिजे का?

राज्य संघटना किंवा अकादमीत सहायक म्हणून लागायला पदवी पुरते. राष्ट्रीय शिबिरं, लीगमधले संघ आणि ऑलिंपिकच्या तयारीतली केंद्रं यांच्या जाहिरातींत मात्र स्पोर्ट्स किंवा मस्क्युलोस्केलेटल (हाडं-स्नायूंच्या) शाखेतली पदव्युत्तर पदवी आणि काही वर्षांचा अनुभव बहुधा मागितलेला असतो. अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठातला क्रीडावैद्यक विभाग या क्षेत्रात जुना आणि नावाजलेला आहे. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा स्पोर्ट्स फिजिकल थेरपीचा डिप्लोमा आहे.

आठवड्याच्या सुट्टीत मिळणाऱ्या प्रमाणपत्रांच्या मागे मात्र लागू नका. टेपिंग, कपिंग, आणखी काही, अशी दहा प्रमाणपत्रं भिंतीवर लावलेला उमेदवार मुलाखतीत "या खेळाडूला पुन्हा धावायला कधी सोडशील?" या प्रश्नावर अडखळतो. त्याच पैशात मैदानावरच्या प्रथमोपचाराचा आणि सीपीआरचा चांगला कोर्स करा, आणि तो मुदत संपायच्या आत पुन्हा करत राहा.

पदवीनंतर थेट संघात जावं की आधी हॉस्पिटल?

आधी दोन-तीन वर्षं हाडांच्या रुग्णालयात काढा. संघात दुखापती येतात थोड्या. त्यातली एखादी वेगळीच असते: पोटरीतली गाठ म्हणजे स्नायू ताणल्याचं दुखणं की शिरेत रक्त गोठलंय? सतरा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाची पाठ रात्री दुखते, ती स्नायूने की मणक्याच्या हाडाला पडलेल्या चिरेने? शंभर साधे गुडघे हाताखालून गेल्याशिवाय एकशेएकावा साधा नाही हे लक्षात येत नाही.

ट्रेनर, मसाजर, डॉक्टर आणि फिजिओ यांच्या कामाच्या हद्दी कोणत्या?

डॉक्टर निदान करतो, औषध देतो, तपासण्या लिहितो. फिजिओ हालचाल तपासतो, दुखापतीनंतरचं पुनर्वसन चालवतो. ट्रेनर ताकद आणि दम वाढवतो. मसाजर सरावानंतर हात फिरवतो. कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात छोट्या संघात चारही कामं फिजिओच्याच गळ्यात पडतात, आणि मग दिवसाला पंधरा मसाज करून तपासणीला वेळच उरत नाही. करार करतानाच विचारून घ्या: मसाजर वेगळा आहे का, आणि डॉक्टर प्रत्यक्ष सोबत असणार की फोनवर?

बॅगेत काय काय असतं?

खेळानुसार बदलतं, पण गाभा हा: 38 मिमी रुंदीची न ताणणारी टेप (दौऱ्यावर ही सगळ्यात आधी संपते), 50 आणि 75 मिमीची ताणणारी चिकट पट्टी, अंडररॅप (टेपखाली गुंडाळायची पातळ फोमची पट्टी), क्रेप बँडेज, निर्जंतुक गॉझ, सलाइनच्या छोट्या बाटल्या, नाकातून रक्त आल्यावर लागणारे बोळे, हातमोजे, टेप कापायची बोथट टोकाची कात्री, त्रिकोणी पट्टी, स्प्लिंट, सीपीआरचा मास्क, छोटी टॉर्च, थर्मामीटर, मीठ-साखरेची पाकिटं, आणि डोक्याला मार लागल्यावर वापरायचं छापील तपासणीपत्रक. विमानप्रवासात कात्री चेक-इन सामानात टाकायची. हे विसरणारे दर दौऱ्यात एक कात्री विमानतळाला देऊन येतात.

औषधं बॅगेत ठेवू नका. ती डॉक्टरच्या बॅगेत.

घोट्याची टेप नीट कशी बांधायची?

त्वचा कोरडी हवी, केस सामन्याच्या आदल्या दिवशी काढलेले हवेत. त्याच दिवशी वस्तरा फिरवला की घामाने आणि गोंदाने आग होते. पाऊल नडगीशी 90 अंशांत. खेळाडूने ते स्वतः तसं धरायचं, तुम्ही हाताने धरून ठेवायचं नाही. टाचेच्या वर मागे आणि पावलाच्या पुढच्या घडीत अंडररॅपखाली व्हॅसलीन लावलेला गॉझचा तुकडा ठेवा, फोड येतात ते याच दोन जागी.

मग घोट्याच्या वर, पोटरीच्या खालच्या भागात एक अँकर, म्हणजे बाकीच्या पट्ट्या जिथे चिकटवायच्या तो वेढा. त्यावरून रिकिबीसारख्या तीन पट्ट्या: आतल्या बाजूने सुरू, टाचेखालून, बाहेरच्या बाजूने वर. पाय आत मुरगळतो म्हणून ओढ आतून बाहेर. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढलेली. त्यानंतर टाच अडकवणारे फेरे, दोन्ही बाजूंनी, आणि शेवटी वरचं सगळं बंद करणाऱ्या पट्ट्या. एकही भोक उरू देऊ नका, तिथून कातडी फुगून सोलते.

चुकतं ते बहुधा करंगळीच्या बाजूला. पायाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे हाड टोचतं, त्यावर घट्ट वेढा बसला की दहा मिनिटांत खेळाडू बूट काढायला लागतो. बांधून झाल्यावर त्याला उभं करा, पायाचं नख दाबा, दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. आणि हेही माहीत असू द्या की अर्ध्या तासाच्या खेळात टेप बरीच सैल पडते. तरी ती उपयोगी पडते, कारण पाय कुठे आहे याची जाणीव ती देत राहते. पण पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू कमकुवत ठेवून वर्षभर टेप बांधणं म्हणजे उपचार नव्हे.

मैदानात धावत गेल्यावर पहिल्या मिनिटात काय बघायचं?

धावता धावताच बघायला सुरुवात होते. खेळाडू हलतोय का, कुठे हात लावून बसलाय, कसा पडला. पोचल्यावर आधी शुद्ध, श्वास, मान. मग दुखणारी जागा. हात लावण्याआधी विचारा, "काय झालं, आवाज आला का?"

घोट्यासाठी जगभर वापरला जाणारा ओटावाचा नियम पाठ हवा. घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर 6 सेंटिमीटरपर्यंत दाबून दुखतं का? पावलाच्या बाहेरच्या कडेवरचं मघाचं हाड आणि आतल्या बाजूचं नॅव्हिक्युलर हाड दुखतं का? चार पावलं चालता येतात का? यातलं काही दुखलं किंवा चालता आलं नाही तर एक्स-रे. उगाच "चालून बघ, उतरेल" नाही.

"साधा मुरगळला" हे शब्द जपून वापरा. 19 ऑक्टोबर 2023 ला पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर बांगलादेशविरुद्ध स्वतःच्या गोलंदाजीवर चेंडू पायाने अडवताना हार्दिक पंड्याचा डावा घोटा असाच दुखावला, आणि तो तिथून पुढे त्या विश्वचषकात खेळलाच नाही.

डोक्याला मार लागला आणि खेळाडू म्हणतोय "मी ठीक आहे" तर?

बाहेर. मेंदूला हादरा बसल्याची शंका जरी आली, तरी त्या दिवशी परत मैदानात जायचं नाही. यात घासाघीस नाही.

एससीएटी 6 हे तपासणीपत्रक नीट भरायला किमान दहा-पंधरा मिनिटं लागतात. सीमारेषेवर तीन प्रश्न विचारून उरकण्याची ती गोष्ट नाही. पुढचे 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती: घरातली हलकी हालचाल चालते, मोबाइलचा पडदा कमी. मग खेळात परतण्याच्या सहा पायऱ्या, प्रत्येकीला किमान 24 तास. ज्या पायरीपासून डोक्याला पुन्हा मार बसायची शक्यता सुरू होते, त्याआधी डॉक्टरची लेखी परवानगी. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, झटके, मानेत कळ, हातापायांत मुंग्या, शुद्ध हरपणं यातलं काही दिसलं तर सरळ रुग्णालय.

कबड्डी आणि कुस्तीत ही दुखापत हमखास झाकली जाते. तालमीत "डोकं गरगरणं" हे लक्षण कुणी मानतच नाही, म्हणून तिथे काम करताना वस्तादांशी हंगाम सुरू होण्याआधी बोलून ठेवा. मार बसल्यावर तो वाद घालायला वेळ नसतो.

हॅमस्ट्रिंग किती दिवसांत बरा होतो?

दिवसांत उत्तर देणारा फिजिओ नवखा असतो. कोच दिवस विचारणारच, त्याला अंदाजाची मर्यादा सांगा आणि सोबत निकष सांगा.

मांडीचा मागचा स्नायू खेचला की चालताना दुखणं बहुतेकदा आठवड्याच्या आत थांबतं. घात होतो तो इथेच. खेळाडूला बरं वाटतं, तो सत्तर टक्के वेगाने पळतो, काही होत नाही. सामन्यात शेवटच्या सत्रात थकलेला असताना पूर्ण वेगाने सुटतो आणि त्याच जागी पुन्हा फाटतं. एमआरआयमध्ये इजा स्नायूच्या आतल्या टेंडनपर्यंत गेलेली दिसली, तर काळ आणखी लांबतो, मग खेळाडू कितीही उड्या मारून दाखवो.

काम असं चालतं. पहिल्या दिवसांपासून न हलवता ताण देण्याचे व्यायाम, पाठीवर झोपून टाच रोवून कंबर उचलणं, आधी दोन पायांवर, मग एका. मग लांबलेल्या अवस्थेत भार: रोमानियन डेडलिफ्ट (कंबरेतून वाकून वजन उचलणं), नॉर्डिक (गुडघ्यांवर राहून हळूहळू पुढे झुकणं). धावणं एकदम नाही. जॉग, मग 60 टक्के, 70, 80, आणि पुढच्या टप्प्यावर जायचं तर आधीच्या टप्प्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा आहे ते बघून. 80 ते 100 टक्क्यांमधलं अंतर सगळ्यात घातक असतं, तिथे 5-5 टक्क्यांनी चढा.

परत सोडताना बघायचं ते हे: दाबून दुखत नाही, दोन्ही पायांची लवचिकता सारखी, ताकदीतला फरक 10 टक्क्यांच्या आत, आणि पूर्ण वेगाच्या अनेक धावा, त्याही थकल्यावर, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी. शेवटची अट वेळेअभावी गाळली जाते आणि तीच महाग पडते.

गुडघ्याचं एसीएल (सांधा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) फाटलं तर कारकीर्द संपली का?

नाही, पण वर्ष गेलं असं धरून चाला. बीडचा स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे जुलै 2025 मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पडला, एसीएल गेलं आणि हंगामही.

शस्त्रक्रियेनंतर किमान 9 महिने स्पर्धा नाही, हा आज सर्वमान्य दंडक आहे. त्याआधी परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका स्पष्टपणे जास्त असतो. पण 9 महिने भरले म्हणून पाय तयार झाला असंही नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के, एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्यांतही तेवढीच. यात एक पळवाट आहे: इतक्या महिन्यांत चांगला पायही कमजोर होतो, म्हणून 90 टक्के गाठणं सोपं जातं. हंगामापूर्वी सगळ्या खेळाडूंची ताकद मोजून ठेवलेली असेल तर तुलना त्या आकड्याशी करता येते.

कबड्डीत चढाईपटूचा गुडघा जातो तो बहुधा पाय पकडीत अडकून धड वळतं तेव्हा. त्यामुळे जिममधले आकडे जमले तरी मॅटवरचा क्रम वेगळा आखावा लागतो: आधी एकट्याने पदलालित्य, मग आधी ठरवून दिलेली एका रक्षकाची अर्ध्या जोराची पकड, मग न सांगता, मग रक्षकांची साखळी, मग थकव्यात पूर्ण सात जणांसमोर. यातला प्रत्येक टप्पा दोन आठवड्यांचा धरला तर 9 महिने लांबतात ते का, हे कोचलाही पटतं.

कोच म्हणतोय खेळव, फिजिओ म्हणतोय नको. निर्णय कुणाचा?

वैद्यकीय परवानगी डॉक्टरची, सल्ला फिजिओचा, निवड कोचची, आणि स्वतःच्या शरीराबद्दलचा शब्द खेळाडूचा. धोका असला तरी कधीकधी खेळवणं योग्य असतं. चार वर्षांनी येणाऱ्या अंतिम सामन्यात दुखऱ्या बोटाने खेळणं आणि साखळीतल्या पहिल्या सामन्यात चिरलेल्या मणक्याने गोलंदाजी करणं एका मापाने मोजता येत नाही. जसप्रीत बुमराच्या पाठीवर मार्च 2023 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो ऑगस्टमध्ये परतला. त्याआधी परतायचे प्रयत्न फसले होते, हे विसरू नये.

म्हणून बोलताना "खेळू शकत नाही" असं सांगण्याऐवजी काय होऊ शकतं आणि किती काळासाठी, ते मांडा. सामन्याच्या सकाळी नव्हे, दोन दिवस आधी. आणि जे सांगितलंत ते त्याच दिवशी तारखेसह लिहून ईमेल करा. वाद झाल्यावर आठवणी बदलतात.

डोपिंगमध्ये फिजिओ अडकू शकतो का?

हो. खेळाडूसोबत काम करणारा प्रत्येक जण नियमांच्या कक्षेत येतो. बंदी असलेला पदार्थ बाळगणं, देणं, लपवायला मदत करणं, सगळ्यासाठी शिक्षा आहे. भारतात 2022 चा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा आहे आणि नाडा ही राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था तपासणी करते.

बंदी असलेल्या पदार्थांची यादी दर 1 जानेवारीला बदलते. स्टेरॉइडचं सांध्यातलं इंजेक्शन 2022 पासून स्पर्धेच्या काळात बंद, ट्रामाडॉल ही दुखणं थांबवणारी गोळी 2024 पासून. स्पर्धेचा काळ आदल्या रात्री 11:59 ला सुरू होतो. शिरेतून दिलेलं सलाइन 12 तासांत 100 मिलीच्या वर गेलं तर रुग्णालयातले उपचार वगैरे मोजके अपवाद सोडून तो भंगच. गावाकडच्या दवाखान्यात "अशक्तपणा आलाय" म्हणून लावलेली बाटली यात अडकवते. सर्दीच्या गोळीतल्या स्यूडोएफेड्रिनचंही तसंच. आणि जिममधली पावडर किंवा ओळखीच्या वैद्याने दिलेली पुडी यात काय आहे हे कुणीच सांगू शकत नाही, म्हणून उत्तर एकच: नको.

बर्फ, कपिंग, मसाज, मसाज गन यांचा उपयोग किती?

बरं वाटायला आहे, बरं व्हायला फारसा नाही. खेळाडूला झोप लागत असेल, हलकं वाटत असेल तर वीस मिनिटं मसाज करा, वाद नको. बर्फ ओल्या फडक्यातून 10 ते 15 मिनिटं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गोट्याखाली बर्फ घट्ट बांधून खेळाडू बसमध्ये झोपला, की तिथली नस बधिर होऊन पाऊल लुळं पडल्याची उदाहरणं आहेत. थंड पाण्याचा टब 10 ते 15 अंश, दहा-बारा मिनिटं, दोन सामने लागोपाठ असतील तेव्हा. ताकदीच्या सरावानंतर रोज टबात बसवू नका, स्नायू वाढायचे ते कमी वाढतात.

एकच प्रसंग असा आहे जिथे थंड पाणी जीव वाचवतं: उष्माघात. धावपटू बरळतोय आणि अंगाचं तापमान 40 च्या वर, तर आधी गळ्यापर्यंत थंड पाण्यात, रुग्णवाहिकेतून नेणं नंतर.

रोजचा भार कसा मोजतात?

महागडी यंत्रं नसली तरी चालतं. सत्र संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारा, "10 पैकी किती जड गेलं?" त्याला मिनिटांनी गुणा. 90 मिनिटं आणि 7 म्हणजे 630. सोबत सकाळी झोप, दुखणं, मूड यांना गुण. आकड्यांपेक्षा अचानक झालेला बदल बघा. सुट्टीवरून आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात पूर्ण षटकं टाकायला लावणं हे पाठीच्या दुखापतीचं जुनं कारण. खेळाडू खोटे आकडे देतात तेव्हा समजा की आकड्यांवरून कुणाला तरी संघाबाहेर बसवलं गेलंय.

कुस्ती-बॉक्सिंगमध्ये वजन उतरवण्यात फिजिओचं काम काय?

लक्ष ठेवणं आणि थांबवणं. पॅरिसमध्ये 2024 साली विनेश फोगट 100 ग्रॅमनी अपात्र ठरली, तेव्हा हे सगळ्या देशाला कळलं. रात्रभर घाम काढून किलो उतरतात, पण त्यातून पेटके, चक्कर आणि दुसऱ्या दिवशी स्नायू फाटणं येतं. वजनगट कुठला हा प्रश्न आहारतज्ज्ञ आणि कोचसोबत काही महिने आधी सुटायला हवा.

महिला खेळाडू आणि अल्पवयीन मुलांबाबत काय काळजी घ्यावी?

तपासणीपूर्वी काय करणार ते सांगा आणि होकार घ्या, दर वेळी. मांडीचा सांधा, जांघ, छाती यांच्या तपासणीला तिसरी व्यक्ती खोलीत हवी. हॉटेलच्या खोलीत उपचार करावे लागले तर दार उघडं, किंवा लॉबीजवळची वेगळी खोली मागा. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती. पॉक्सो कायद्याने गैरप्रकार कळल्यावर तो कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. "संघटनेचं अंतर्गत प्रकरण" असं काही नसतं. मुलींची पाळी चुकत असेल आणि नडगीचं दुखणं परत परत येत असेल, तर दोन्ही एकत्र डॉक्टरला सांगा, मूळ बहुधा खाण्याच्या कमतरतेत असतं.

काम मिळतं कुठे, आणि पैसे?

भारतीय क्रीडा प्राधिकरणाची केंद्रं (छत्रपती संभाजीनगरलाही एक आहे), पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट, बालेवाडीचं क्रीडासंकुल, खेलो इंडियाच्या अकादम्या, राज्य क्रिकेट संघटना, कबड्डी-फुटबॉलच्या लीगमधले संघ, खासगी संस्था. बहुतेक नेमणुका कराराच्या, वर्ष-दोन वर्षांच्या. लीगचा करार हंगामापुरता, म्हणून अनेक जण बाकीचे महिने क्लिनिक चालवतात. सुरुवातीला हॉस्पिटलमधल्या सहकाऱ्याइतकंच मिळेल, आणि वर्षातले निम्मे दिवस घराबाहेर.

सही करण्याआधी चार गोष्टी लिखित हव्यात: प्रवास विमा कोण काढणार, व्यावसायिक चुकीच्या दाव्याचा विमा आहे का, सुट्टीचे दिवस किती, आणि खेळाडूंच्या नोंदी करार संपल्यावर कुणाकडे राहणार. शेवटचा मुद्दा कुणी विचारत नाही. मग फिजिओ बदलतो आणि नव्याला तीन वर्षांचा इतिहास खेळाडूच्या तोंडून ऐकावा लागतो.

स्वतः खेळाडू असायला हवं का?

नको. खेळ समजायला हवा. तीन महिने सराव बघा, कोचची भाषा शिका.

परदेशात जाता येतं का?

येतं, पण तिथली नोंदणी वेगळी. ब्रिटनमध्ये एचसीपीसी ही नोंदणी परिषद, ऑस्ट्रेलियात तिथल्या फिजिओथेरपी कौन्सिलचं मूल्यांकन आणि परीक्षा, अमेरिकेत शिक्षणाची तुलना करून मग एनपीटीई ही फिजिओथेरपीची राष्ट्रीय परीक्षा. विद्यापीठाकडून गुणपत्रकं आणि अभ्यासक्रमाचे तास सीलबंद मागवायला लागतात, त्यात महिने जातात. इंटर्नशिप संपतानाच तो अर्ज टाकून ठेवा.